नकार देणारे भाऊजी

इरा आणि निनाद, परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलेत, "आजी, ते निरस्तआजोबा अजून आहेत का गं?" मी "आहेत" म्हणते न म्हणते तोच निनादची तासाची वेळ झाली आणि फोन संपला. तेव्हापासून मला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे वाटते आहे. शिवाय गेल्या वर्षभरात इथे एक प्रकार घडला, त्यामुळे तुम्हाला माहीत असलेले भाऊजी आणि आताचे भाऊजी यांत थोडा फरक पडला आहे. तो फरक मी फार जवळून पाहिला. माझी आठवण अजून शाबूत आहे, अक्षरही लागते, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. क्रमाने लिहायचे ठरवले आहे. क्रम सुटला तर दोष माझा नाही, भाऊजींचा. त्यांच्या बाबतीत कुठलीही गोष्ट सरळ रांगेत उभी राहत नाही.

तर, अख्ख्या बुऱ्हाणपुरात, आणि माझी खात्री आहे की अख्ख्या देशात, भाऊजींइतके मनापासून, स्वच्छ आणि प्रेमाने 'नाही' म्हणणारा दुसरा माणूस झाला नाही. ते तुमच्या आजोबांचे शाळूसोबती. चौतीस वर्षे त्यांनी तहसील कचेरीत काढली आणि बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडे कचेरीचा कारभार हिंदीतून चालतो आणि अर्ज फेटाळला की त्यावर 'निरस्त' असे लिहितात. हा शब्द चौतीस वर्षे लिहून लिहून भाऊजींच्या अंगात इतका भिनला की त्यांना आयुष्यातली कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात मान्य होत नाही. आपल्या घरी आले की मी विचारते, "भाऊजी, चहा?" ते म्हणतात, "निरस्त." मग मी स्वयंपाकघरात जायला वळले की मागून आवाज येतो, "वहिनी, अपिलाची मुदत आहे अजून." मग मी पुन्हा विचारायचे, त्यांनी दोन क्षण विचार करायचा आणि म्हणायचे, "बरं, स्वीकृत. साखर कमी." देवळात प्रसाद देणाऱ्या पुजाऱ्यालासुद्धा त्यांनी एकदा अपील करायला लावले होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, सांगतात, "मला बघायला आले तेव्हाही नाहीच म्हणाले होते. माझ्या वडिलांनी अपील केलं. तिथेच चुकलं सगळं."

निवृत्तीनंतर असा माणूस घरात बसला तर घराचे काय होईल याची ताईंना काळजी होती. पण देवाने सोय केली. सिंधीपुऱ्यातल्या एका मास्तरांचा मुलगा परदेशी शिकायला जाणार होता आणि मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत दोनदा नापास होऊन आला होता. मास्तरांनी त्याला भाऊजींकडे पाठवले. हेतू एवढाच की अधिकाऱ्यासमोर बसायचा सराव व्हावा. नेमका त्या दिवशी भाऊजींचा नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी खटका उडालेला. त्यांनी कपाटातून लग्नातला काळा कोट काढून चढवला, मुलाला समोर उभे केले आणि असा काही निरस्त केला की तो शनवाऱ्याच्या दरवाजापर्यंत रडत गेला. महिन्याने तो तिसऱ्यांदा मुंबईला गेला आणि पाच मिनिटांत पास होऊन आला. झाले. गावातल्या आयांनी यातून एक शास्त्र काढले: पोराच्या नशिबात जो नकार लिहिलेला असतो, तो बडे बाबूंकडे संपवून घ्यायचा, म्हणजे पुढे साहेबाच्या हातात द्यायला नकार शिल्लकच राहत नाही. दृष्ट काढतात तसे लोक मुलांचा नकार काढून घ्यायला येऊ लागले. दर रविवारी ओट्यावर रांग. परदेशी जाणारे तर येतच, पण इंदूरला कॉलेजात जाणारेही येत. एकाने तर होऊ घातलेला जावई आणला होता.

भाऊजी मे महिन्याच्या उन्हातही तो काळा कोट घालूनच बसत. मी एकदा म्हटले, "भाऊजी, घेरी येईल." तर म्हणाले, "वहिनी, कोट काढला की मी माणूस होतो. माणसाला तोंडावर नाही म्हणणं जमत नाही मला." मुलाचा कागद समोर घेऊन ते मान खाली घालत आणि वाचत बसत. कागद एक पानाचा, वाचन दहा मिनिटांचे. मुलाने उभे राहायचे. त्यांचा मुख्य धडाच तो होता: साहेब मान वर करत नाही तोवर तोंड उघडायचे नाही. कोणी काही म्हणो, मागून कोणी प्रश्न वाचून दाखवो, साहेबाची मान हीच खरी घंटा. ज्याने आधी तोंड उघडले तो तिथल्या तिथे निरस्त. ज्याने नाही उघडले त्याला प्रश्न विचारून निरस्त. इरा, तुला त्यांनी विचारले होते, "गावची नदी कोणती?" तू म्हणालीस, "तापी." ते म्हणाले, "मग ती सोडून का चाललीस?" तू गप्प. "आवेदन निरस्त!" शेवटी लाल पेन्सिलीने कागदावर आडवा शब्द लिहून देत. आया तो कागद देवघरात नेऊन ठेवत. येताना कोणी केळ्यांची फणी आणी, कोणी मावा जिलेबी. त्यावरही भाऊजी म्हणत, "निरस्त. ठेवा तिकडे."

हे सगळे छान चालले होते. मग फोनमधला साहेब आला. गेल्या दोनतीन वर्षांत रविवारची रांग आटत गेली. भाऊजींनी एका मुलाला रस्त्यात अडवून विचारले तेव्हा तो म्हणाला, "दादाजी, अब मोबाइल में ही ऑफिसर है. इंटरव्यू घेतो, मार्क देतो. रात्री दोनलाही घेतो." भाऊजी म्हणाले, "दोन वाजता? मग तो सरकारी नाही." पण खरा धक्का त्यांना पुढे बसला. तो फोनमधला साहेब प्रत्येक उत्तराला शाबासकी देतो हे त्यांना कळले. "वहिनी, मुलगा अडखळला तरी म्हणतो, फार सुंदर उत्तर! अशानं पोरांना कौतुकाची सवय लागेल. मग परदेशात कोण यांचं कौतुक करणार आहे?" माझीही त्या काळात एक तक्रार होती. मी इंग्रजी शिकवत असे हे ठाऊक असल्याने मुले अर्जाबरोबरचे निबंध माझ्याकडे तपासायला आणत. चूक काढायला जागा नसे. पण एका उन्हाळ्यात माझ्याकडे सात निबंध आले आणि सातही जणांना शिक्षणाची प्रेरणा त्यांच्या आजीने दिली होती. सातही आज्या पहाटे उठणाऱ्या, सुरकुतलेल्या हातांच्या, डोळ्यांत चमक असलेल्या आणि कंदिलाच्या उजेडात गोष्टी सांगणाऱ्या. त्यांतल्या दोघींना मी ओळखते. एक सकाळी नऊशिवाय उठत नाही आणि दुसरीने नातवाला गोष्ट सांगितल्याचे कोणी ऐकलेले नाही. मी भाऊजींना वाचून दाखवले. ते म्हणाले, "सात पोरांना एकच आजी! वारसनोंद केली तर केवढं भांडण लागेल."

अशा आटत्या दिवसांत असीरगडच्या पायथ्याच्या गावाहून एक केळीवाले शेतकरी आपल्या मुलीला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले. मुलगी शेतकी पदवी घेतलेली, उंच, सावळी, बोलायला अगदी हळू. तिला एका थंड देशातल्या विद्यापीठात फळे टिकवण्याच्या शास्त्राचा पुढचा अभ्यास करायचा होता. घरच्या बागेतली केळी बाजारात पोचेपर्यंत काळी पडतात हे तिने लहानपणापासून पाहिलेले. वडील म्हणाले, "बडे बाबू, आमच्या गावात मोबाइलला रेंज नाही. तुम्हीच करा हिला निरस्त." भाऊजींना इतका आनंद झाला की त्यांनी तिला लागोपाठ तीन रविवार निरस्त केले. मान वर होईपर्यंत गप्प राहण्यात तिच्याइतकी तरबेज मुलगी आपण पाहिली नाही असे ते मला सांगत होते. एकदा त्यांनी मुद्दाम अर्धा तास मान वर केली नाही. ही आपली हात बांधून उभी.

मग विद्यापीठाची मुलाखत आली. ती पास झाली की पुढे प्रवेशाचे पत्र, आणि पत्र असेल तरच व्हिसा. ही मुलाखत संगणकावर होती आणि ती घेणाराही संगणकच होता. मुलीने ती गावाबाहेरच्या एका संगणकाच्या दुकानात, आतल्या खोलीत बसून दिली. पडद्यावर काचेच्या टेबलाशी बसलेली एक बाई दिसत होती. खरी नव्हे, यंत्राने काढलेली. उमेदवाराला एकटे वाटू नये म्हणून तिला बसवलेली, आणि ती मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. आवाजाने प्रश्न वाचला. कोपऱ्यात नव्वद सेकंद उलटे पळू लागले. मुलीला वाटले, हा आवाज पुकारा करणाऱ्याचा. मॅडम अजून फाइलच वाचताहेत. ती हात जोडून बसून राहिली. दुसरा प्रश्न झाला. तिसरा झाला. मॅडमनी मान वर केली नाही, हिने तोंड उघडले नाही. पाच प्रश्न झाले, "आपले आभार" असे म्हणून पडदा काळा झाला आणि दुसऱ्या दिवशी नकार आला. तिने विद्यापीठाला लिहिले तेव्हा मिनिटभरात उत्तर आले की तुमच्या भावना आम्ही समजतो, पंधरा दिवसांत एक शेवटची संधी देत आहोत. पण ते उत्तर मिळूनही ती म्हणू लागली की आता नको. वडील भाऊजींकडे आले तेव्हा मी तिथेच होते. "पोरगी तीन दिवसापासून बोलून नाही राहिली, बडे बाबू. म्हणते, दादाजी बोलले होते मान वर झाल्याबिगर बोलायचं नाही. मॅडमनी मानच वर नाही केली, तर मी काय करू?"

भाऊजी आधी म्हणाले, "मिनिटात अपील मंजूर? वाचलं कधी त्यांनी?" आणि मग त्यांच्या ध्यानात आले की मुलीला बुडवणारा नियम त्यांनीच शिकवला होता. ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट न घालता, साध्या सदऱ्यात, असीरगडच्या बसमध्ये बसले. चौतीस वर्षे ज्या माणसाने कधी कोणाची माफी मागितली नव्हती, तो बांधावर त्या मुलीसमोर उभा राहिला. म्हणाला, "पोरी, चूक माझी. मी माणसांची परीक्षा शिकवली, तिथं माणूस नव्हता." मग वडिलांनी चहा विचारला, तर भाऊजी म्हणाले, "हो." पहिल्याच खेपेला! ही बातमी शनवाऱ्यात त्यांच्या घरी पोचली तेव्हा ताईंनी मला फोन केला, "वहिनी, यांची तब्येत बघायला हवी हो."

तुमच्याशी बोलण्यासाठी मी घरी चांगले इंटरनेट घेतले आहे, म्हणून पुढचे नऊ दिवस सराव आपल्या घरी झाला. भाऊजींनी यंत्र व्हायचे आणि मी केक भाजताना लावते ते घड्याळ घेऊन वेळ मोजायची, असे ठरले. जगात यंत्राचे काम करायला भाऊजींपेक्षा नालायक माणूस नसेल. नियम एवढाच होता की प्रश्न विचारायचा आणि दीड मिनिट गप्प बसायचे. पहिल्याच दिवशी मुलीने केळीच्या घडांवर चट्टे कसे पडतात ते सांगायला सुरुवात केली आणि यंत्र म्हणाले, "पण पाणी किती दिवसाआड देता?" मी चमचा आपटला. दुसऱ्या दिवशी तिने एका वादळाची गोष्ट सांगितली. एका दुपारी उभी बाग आडवी झाली होती. यंत्राने "अरेरे" केले.

"भाऊजी, मशीन अरेरे म्हणत नाही."

"मग त्याला केळी कळणार कशी, वहिनी?"

"त्याला कळायची नाहीतच. हिने बोलायची आहेत."

तिसऱ्या दिवशी ते तोंडात पान धरून बसले, म्हणजे बोलता येणार नाही. पण मान हलत होती, भुवया उडत होत्या, मधेच टाळी दिली गेली. शेवटी मी त्यांना कपाटाकडे तोंड करून बसवले. तेव्हा दुसरीच अडचण उघडी पडली. भाऊजींचा चेहरा दिसेनासा झाल्याबरोबर मुलगी अर्ध्या मिनिटात थांबू लागली. इंग्रजी तिचे वाईट नव्हते. रेंज असलेल्या जागी जाऊन फोनकडून लिहून घेतलेले उत्तर मी तिच्याकडून काढून घेतले होते आणि तिचेच शब्द तिला परत दिले होते. तरी तिची गाडी अडे. ती म्हणाली, "आजी, समोर कोणी नसलं ना, तर मला वाटतं मी खोटं बोलून राहिली."

मी विद्यापीठाचे नियम छापून घेतले आणि तीन वेळा वाचले. खोलीत दुसरी व्यक्ती नको, दुसरा पडदा नको, कागद नको, कानात काही नको. सुरुवातीला खोली चारी बाजूंनी कॅमेऱ्याला दाखवायची. भाऊजींनी मला एकेक नियम मराठीत सांगायला लावला, डोळे मिटून ऐकला आणि विचारले, "कपड्यांबद्दल काय लिहिलंय?"

"काही नाही."

"खुंटीला टांगलेल्या कपड्यांबद्दल?"

"नाही, भाऊजी."

"ज्याला मनाई नाही ते स्वीकृत!" असे वाक्य त्यांच्या तोंडून मी पन्नास वर्षांत ऐकले नव्हते. ते शनवाऱ्याला जाऊन कोट घेऊन आले. मी भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि त्या खिळ्याला, संगणकाच्या बरोबर वर, तो काळा कोट टांगला. मुलीने त्याच्याकडे पाहिले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा हसली.

मुलाखतीच्या वेळी मी, भाऊजी आणि तिचे वडील स्वयंपाकघरात दार लावून बसलो. कुकर बंद, पंखा बंद, घामाच्या धारा. दारापलीकडून तिचा आवाज आला, आधी बारीक, मग बरा, मग चांगला मोकळा. ती कोटाला सांगत होती हे आम्हाला ऐकूनच कळत होते, कारण ती मधेमधे थांबत होती, जसे समोरच्याला मान डोलवायला वेळ द्यावा. भाऊजींना इंग्रजी कचेरीपुरते येते, म्हणून मी कानात मराठी सांगत होते. चौथा प्रश्न आला: तुम्ही अपयशी झालात असा एखादा प्रसंग सांगा. ती म्हणाली, "मागच्या वेळी मी याच मुलाखतीत नापास झाले, कारण मी एक शब्दही बोलले नाही. आमच्या भागात एक आजोबा आहेत. ते मुलांना आधी नकार देतात, म्हणजे पुढे भीती वाटू नये. त्यांनी मला शिकवलं, समोरच्यानं मान वर करेपर्यंत थांबावं. ती शिकवण चांगली आहे, मी ती सोडणार नाही. पण तुमच्या इथं कोणी मान वर करत नाही, तर आता मी आधी बोलायला शिकले."

मी हे सांगताना भाऊजींचे डोळे भरले. तेवढ्यावर थांबते तर भाऊजी कसले. ते उठले आणि बंद दाराकडे तोंड करून काहीतरी बोलणार तेवढ्यात मी समोरच्या ताटलीतली मावा जिलेबी त्यांच्या तोंडात कोंबली. अख्खी. उरलेले दीड मिनिट ते त्या जिलेबीशी झुंजत होते आणि मुलीचे वडील भिंतीकडे तोंड करून, खांदे हलवत, आवाज न करता हसत होते. की रडत होते, मला नक्की सांगता येणार नाही.

ती पास झाली. प्रवेशाचे पत्र आले, दीड महिन्याने व्हिसाही आला. भाऊजींनी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "वहिनी, सही कुठंय?"

"सही नसते. संगणकानं काढलेलं पत्र आहे."

"नाव तरी असेल? शिक्का?"

"नाही, भाऊजी."

"मग आभार कोणाचे मानायचे?" मी पत्राची घडी घातली. ते म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांना नाही म्हणालो, वहिनी. पण खाली सही करत होतो. ज्याला राग आला त्याला माझं घर माहीत होतं." मुलांनो, मी त्यांना चहा विचारला. ते म्हणाले, "द्या." तेव्हापासून ते चहाला सरळ हो म्हणतात, आणि खरे सांगू, मला ते अजून आवडत नाही.

रविवारची रांग आता नाही. कोणी आई हट्टाने मुलाला घेऊन येते, पण मूल घड्याळ पाहत उभे राहते. भाऊजी त्याला पटकन मोकळे करतात.

मुलगी तिकडे थंडीत आहे. ती सांगते की वसतिगृहाची किल्ली यंत्र देते, ग्रंथालयातले पुस्तक यंत्र परत घेते, दुकानातला हिशेबही यंत्रच करते, आणि कधीकधी संध्याकाळपर्यंत तिच्याशी कोणी एक वाक्यही बोललेले नसते. म्हणून शनिवारी तिच्या सकाळी, आपल्या दुपारी, ती भाऊजींना फोन लावते आणि आठवडाभराचे सगळे सांगते. भाऊजी एकही वाक्य तिला पुरे करू देत नाहीत. अरेरे म्हणतात, पाणी विचारतात, थंडीला नावे ठेवतात. परवा मी तिथे होते. न राहवून म्हटले, "भाऊजी, बोलू द्या की तिला." तर तिकडून तीच म्हणाली, "नाही आजी, बोलू द्या त्यांना."

तासभर चालतो तो फोन. एकही शनिवार अजून चुकलेला नाही.